आमचं पाणी, तुमचा ऊस
(तृतीय वर्ष, स्थापत्य)

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात आमचा एन.एस.एस.चा कॅम्प भोर तालुक्यात होता, भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात. दिवसा श्रमदान, रात्री कल्चरल, आणि मेसपेक्षा शंभरपटीने चांगली भाकरी. तिसऱ्या दिवशी एका आजींनी आम्हा चार मुलींना चहाला बोलावलं. मला विचारलं, "तू कुठली गं?"

"फलटणची."

"शेती हाय का? काय लावता?"

"ऊस."

आजी हसल्या. "मंजी आमचं पाणी तुमच्या उसाला." मग पाण्याकडे हात करून म्हणाल्या, "माझ्या आजेसासऱ्याचं रान त्या तिथं खाली हाय. तुमच्यासाठी बुडालं."

बोलण्यात राग अजिबात नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण त्या पाण्याखाली कुणाचं तरी रान असेल, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आता गंमत बघा. चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यात चार उत्तरं तयार झाली होती. एक, धरण इंग्रजांनी बांधलं, आमच्या आबांनी नाही. दोन, मोबदला मिळालाच असेल. तीन, एका खोऱ्याचं नुकसान झालं, पण किती तालुके पिकले! आणि चार, इथली जमीन तशीही डोंगराळ, पडीकच असणार. हे चौथं उत्तर मला रात्री झोपू देईना. जवळजवळ शंभर वर्षं पाण्याखाली असलेली जमीन मी कधी पाहिली? उलट डोंगरी मुलखात चांगली जमीन नदीकाठीच असते, आणि धरणात आधी तीच जाते. मग ती पडीक होती हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मला ते तसं असायला हवं होतं, बस्स.

परत आल्यावर लायब्ररीत सबमिशन सोडून मी मानसशास्त्राची पुस्तकं चाळली. या प्रकाराला नाव आहे, कॉग्निटिव्ह डिसोनन्स. मराठीत मनातला विसंवाद म्हणता येईल. लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली हा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. "मी चांगली मुलगी आहे" आणि "माझं ताट कुणाच्या तरी नुकसानीवर भरलंय" ही दोन वाक्यं मनात शेजारी-शेजारी बसू शकत नाहीत, टोचतात. टोचणी थांबवायला एक तर वागणं बदला, नाहीतर मत बदला, नाहीतर मध्ये एखादं कारण पाचरीसारखं ठोका. वागणं बदलणं महाग पडतं. मत फुकटात बदलता येतं.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतंच. फेस्टिंजरला सिद्धांताचं बीजही भारतातच सापडलं. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर ज्या भागात धक्के बसले पण पडझड झाली नाही, तिथे आणखी भयंकर संकटं येणार अशा अफवा पसरल्या होत्या. वाचलेले लोक स्वतःलाच का घाबरवतील? फेस्टिंजरचं उत्तर असं, की भीती आधीच मनात होती, आजूबाजूला तिला साजेसं काही दिसत नव्हतं, म्हणून लोकांनी भीतीला शोभेल असं कारण तयार केलं.

त्याचा आणि कार्लस्मिथचा १९५९ चा प्रयोग तर आमच्या कॅम्पवरच केल्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं आणि मग पुढच्या माणसाला "काम मजेदार आहे" असं खोटं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर खरं मत विचारलं, तर काम बरं वाटलं असं १ डॉलरवाल्यांनीच जास्त सांगितलं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. १ डॉलरवाल्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी मतच बदलून टाकलं. आम्ही सात दिवस चर खणले, मिळालं काय, एक सर्टिफिकेट. आणि सगळे म्हणतात, "लाइफटाइम एक्स्पीरियन्स!" मीही म्हणते. आता थोडी शंका येते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण डेव्हिस आणि जोन्स यांचा १९६० चा प्रयोग वाचला. त्यात काही विद्यार्थ्यांना दुसऱ्या माणसाला तोंडावर वाईट-साईट बोलायला लावलं. नंतर दिसलं, की तो माणूस त्यांना आधीपेक्षा कमी आवडायला लागला. म्हणजे ज्याला आपण दुखावलं तोच आपल्याला नकोसा होतो. माझं "पडीक जमीन" याच जातीचं. तुमच्यापैकी कुणी ज्युनिअरला रडवून मग "तो आहेच तसला" म्हणालं असेल, तर तेही याच जातीचं.

भाटघरचं पाणी वर वेल्ह्याच्या बाजूला पसरलेलं आहे. त्याच वेल्ह्यात पानशेत. आंबी नदीवरचं हे मातीचं धरण १२ जुलै १९६१ ला सकाळी फुटलं, खाली खडकवासलाही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. स्थापत्यवाल्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. धरण १९६२ ला पुरं व्हायचं होतं. तरी त्याच पावसाळ्यात पाणी साठवायचं ठरलं. विसर्गमार्गाचं काम अपुरं होतं, म्हणजे भरलेलं पाणी पाहिजे तेव्हा सोडायची सोय धड नव्हती. पाणी चढलं, विसर्गमार्गाच्या वरचा भराव खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी भर पावसात रात्रभर वाळूची पोती रचली. मातीच्या धरणावरून पाणी जाऊ द्यायचं नसतं, हे आपण दुसऱ्या वर्षात शिकतो. तेव्हाच्या लोकांना ते माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? आधी न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक यांचे चौकशी आयोग बसले.

त्या माणसांच्या मनात काय चाललं होतं, हे मी सांगू शकत नाही, आणि आज हॉस्टेलमध्ये बसून बोलणं सोपं आहे. पण मला वाटतं, "यंदा पाणी अडवायचं" हा शब्द एकदा तोंडातून गेला, की त्यानंतरची प्रत्येक वाईट बातमी त्या शब्दाला टोचते. भेग दिसली की ती बारीकच वाटते. पाऊस वाढला की उद्या कमी होईल असं वाटतं. यात कुणी खोटं बोलत नसतं, हाच घोटाळा. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. आपलं ब्रँच घेतल्यावर तेच बेस्ट वाटणं आणि हे, यंत्र एकच. फक्त खाली गाव असतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांना भाटघरबद्दल विचारलं. ते लगेच म्हणाले, "मोबदला मिळाला असंल की त्यांना." माझंच दुसरं उत्तर, शब्दन्‌शब्द. मी म्हटलं, "किती मिळाला?" आबा थांबले. मग म्हणाले, "तुझं सेमिस्टर कसं गेलं?"

मे महिन्यात भाटघरचं पाणी उतरलं, की वेळवंडी नदीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. आजींनी बघायला बोलावलंय. मी जाणार आहे. आबांनाही चला म्हटलंय, अजून हो म्हणालेले नाहीत.