पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्या ‘एजंट’ला पैसे देण्याआधी हे तपासा

गावाकडे लिहिणारे कमी नाहीत. कुणाच्या वहीत कविता आहेत, कुणी शेतीचे तर कुणी ऊसतोडीचे अनुभव लिहून ठेवलेत. पण पुस्तक कसं काढायचं हे सांगणारं जवळ कुणी नसतं. मग मोबाईलवर जाहिरात दिसते, ‘तुमचे पुस्तक प्रकाशित करा’. फोन लावला की समोरचा स्वतःला एजंट म्हणवतो, न वाचताच लिखाणाचं कौतुक करतो आणि शेवटी पॅकेज सांगतो. सोयाबीनचे आलेले पैसे तिकडे जातात आणि पुस्तकांचे गठ्ठे घरात पडून राहतात.

एजंट म्हणजे नेमका कोण?

खरा साहित्यिक एजंट लेखकाचं लिखाण योग्य प्रकाशकाकडे नेतो आणि कराराची बोलणी करतो. लेखकाला मिळणाऱ्या पैशातून साधारण 15 टक्के तो घेतो, आधी काहीच नाही. अडत्याला अडत मिळते ती सौदा झाल्यावर. गाडी बाजार समितीत पोचायच्या आधीच कुणी अडत मागितली तर आपण देऊ का? इथेही तेच.

आपल्याकडे असे एजंट मुख्यतः इंग्रजी पुस्तकांसाठी काम करतात. मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. त्यामुळे मधल्या माणसाची गरजच नाही.

प्रकाशक कसा शोधायचा?

गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात जा. आपण लिहिलंय तशी पाच-दहा पुस्तकं काढा. आतल्या पानावर प्रकाशकाचं नाव आणि पत्ता असतो, तो लिहून घ्या. मग फोन करून विचारा, नवीन लेखकाचं लिखाण घेता का, कसं पाठवायचं? थोडक्यात माहिती आणि दोन-तीन प्रकरणं पाठवा. मूळ वही कधीच देऊ नका, झेरॉक्स द्या. उत्तराला काही महिने लागू शकतात. शक्य असेल तर त्या प्रकाशकाच्या एखाद्या लेखकाला विचारा, रॉयल्टी वेळेवर मिळते का?

हिशेब समजून घ्या

समजा पुस्तकाची किंमत 200 रुपये आणि रॉयल्टी 10 टक्के. म्हणजे एका प्रतीमागे 20 रुपये. 500 प्रती खपल्या तर 10 हजार. मग 40 हजारांचं पॅकेज घेऊन ‘रॉयल्टीतून पैसे वसूल होतील’ असं कुणी सांगत असेल, तर तेवढ्यासाठी 2000 प्रती खपायला लागतील.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही. पण मग प्रती किती, कागद कोणता, विक्री कोण करणार, हे सगळं लेखी घ्या.

सही करण्याआधी

कॉपीराइट कायदा 1957 नुसार लिखाणावर हक्क आपोआप लेखकाचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य दिसलं तर थांबा. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे राहणार, हेही विचारा.

‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. हा क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था मोफत देते आणि लेखक स्वतःही ऑनलाइन अर्ज करू शकतो.

सरकारी मदतही आहे

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. कविता, कथा, कादंबरी असे प्रकार त्यात येतात. अर्ज मागवल्याची सूचना मंडळाच्या वेबसाइटवर निघते, तिच्यावर लक्ष ठेवा.

पुस्तक दोन वर्षं उशिरा निघालं तरी चालेल. पण घाईत केलेली सही मागे घेता येत नाही.