फिल्टर तुंबल्यावर तेल कुठून जातं?

उन्हाळा लागला की जळकोटच्या डोंगराळ शिवारात जेसीबीला उसंत नसते. शेततळी, बांधबंदिस्ती, नाल्यातला गाळ. एक काम संपायच्या आत दुसऱ्या गावचा फोन येतो. हिवाळ्यात तिकडे मांजराकाठच्या उसात तोडणी यंत्रं फिरत असतात. दोन्ही यंत्रांचा जीव तेलात. पंप तेल ढकलतो, ते तेल सिलिंडरचा दांडा रेटतं किंवा मोटार फिरवतं. अशा यंत्रात दाब 200-250 बारपर्यंत सहज जातो, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर दोन-अडीच क्विंटलचा भार.

हे तेल ज्या फटींतून वाहतं त्या मात्र मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि 40 मायक्रॉनच्या खालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. व्हॉल्व्हमधला स्पूल आणि त्याचं घर यांच्यातली फट त्याहूनही कितीतरी बारीक. त्यामुळे ‘तेल काचेसारखं स्वच्छ आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. नुकसान करणारा कण दिसतच नाही. सीलबंद बॅरलमधलं नवं तेलसुद्धा पुष्कळदा यंत्राला हवं तेवढं स्वच्छ नसतं.

तेल तीन ठिकाणी गाळता येतं. टाकीतून पंपाकडे जाताना जाड जाळी, टाकीत परतताना रिटर्न फिल्टर आणि पंपाच्या पुढे, भर दाबाच्या वाटेवर, प्रेशर फिल्टर. शेवटच्याचं घर पूर्ण दाब आणि वर लिव्हरचे झटके सोसेल असं लागतं, म्हणून तो महाग. एक गैरसमज इथे कायम दिसतो: प्रेशर फिल्टर पंपाला वाचवत नाही. तो पंपाच्या पुढे बसतो, त्यामुळे त्याच्याही पुढच्या व्हॉल्व्हला आणि मोटारींना वाचवतो. पंपच झिजून फुटला, तर त्याचा चुरा अडवणं हेच त्याचं मोठं काम. पंप जपायचा असेल तर टाकीचं झाकण, हवेची वाट आणि रिटर्न फिल्टर यांकडे बघावं.

खोक्यावर ‘10 मायक्रॉन’ लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यावरच थांबतं. पण 10 मायक्रॉनचे किती कण अडतात? त्यासाठी बीटा नावाचा आकडा आहे. बीटा 2 असेल तर त्या मापाचे निम्मे कण सरळ पार होतात. 200 असेल तर 99.5 टक्के अडतात, 1000 असेल तर 99.9 टक्के. म्हणजे दोन खोक्यांवर मायक्रॉन सारखाच छापलेला असूनही आतला माल अगदी वेगळा असू शकतो. दुकानदाराला बीटा सांगता येत नसेल, तर तो मायक्रॉनचा आकडा मी तरी शोभेचाच मानेन.

खरी मेख बायपासमध्ये आहे. फिल्टर तुंबला की त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडत जातो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. यंत्र चालतच राहतं, म्हणून कुणाला कळत नाही. यासाठी इंडिकेटर असलेलाच फिल्टर घ्यावा, आणि तो बायपासच्या आधी इशारा देणारा हवा. बायपास 7 बारला उघडणार असेल तर इंडिकेटर 5 बारला. पुढे फार नाजूक व्हॉल्व्ह असेल तर बायपास नसलेला फिल्टर वापरतात. मग आतली गाळणारी कांडी 210 बारसारख्या फरकालाही न चेपणारी लागते. तिथे साधी कांडी बसवली तर ती चुरगळून तिचेच तुकडे तेलात जातात.

थंडीचं गणित वेगळं. तेलाच्या डब्यावरचा 68 हा आकडा 40 अंश सेल्सिअसला असलेल्या घट्टपणाचा. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला की तेच तेल कितीतरी पट घट्ट असतं, आणि नेमका पंपाच्या प्रवाहापुरताच निवडलेला फिल्टर कोरा असूनही त्याचा बायपास उघडतो. तेव्हा माप थोडं मोठंच घ्यावं. यंत्र गरम झाल्यावर कोऱ्या कांडीतून पडणारा फरक एक बारच्या आत राहिला की भागलं. मोठी कांडी जास्त घाण धरते, त्यामुळे टिकतेही जास्त.

मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला प्रेशर फिल्टर लावावा का? माझ्या मते नाही. ते पैसे चांगलं झाकण, स्वच्छ नरसाळं आणि तासांवर तेल बदलणं यांत घालावेत. झाकण उघडं टाकून धुळीत तेल ओतणाऱ्याला कोणताच फिल्टर पुरा पडत नाही. ऊसतोडणी यंत्राची गोष्ट निराळी. बुडखा कापणारी पाती, उसाचे तुकडे करणारे रोलर, पाचट उडवणारा पंखा, सगळं हायड्रॉलिक मोटारींवर. यंत्राची किंमत अशी, की 2023 मध्ये सरकारने अनुदान ठरवलं ते किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांतलं जे कमी ते. ऐन गाळपात एक मोटार गेली की तोड थांबते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा यंत्राला चांगला प्रेशर फिल्टर महाग नाही.

जुनी कांडी बदलली की लगेच फेकू नये. करवतीने कापावी, घड्या उलगडून उन्हात धराव्यात. काळे रबरी कण दिसले तर सील गेलं. पितळी किंवा पांढरी चमक दिसली तर पंपाच्या आतले भाग झिजताहेत. तो बंद पडण्याआधी उदगीर-लातूरला भाव विचारायला थोडा वेळ हाती असतो.