मद्यमुक्तीची सभा : उपचारानंतरचा हरवलेला दुवा

मद्यपानाच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते : राज्यांचा महसूल आणि दारूबंदी. मद्य सोडू इच्छिणारी व्यक्ती आधार कोठे शोधते, हा तिसरा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. मानवी विकासाच्या दृष्टीने तो तितकाच महत्त्वाचा आहे.

घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषणमान व सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि औषधी प्रयोजन वगळता मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. दुसरीकडे, सातव्या अनुसूचीप्रमाणे मादक पेये हा राज्यसूचीतील विषय असून मानवी सेवनासाठीचे मद्य २०१७ मध्ये लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे मद्यावरील उत्पादन शुल्क हे अनेक राज्यांच्या स्वतःच्या महसुलाचे मोठे साधन ठरले आहे. मार्गदर्शक तत्त्व आणि महसुलाची गरज यांतील हा ताण विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा.

समस्येचे आकारमान

सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यसेवन करतात. त्यांपैकी सुमारे २.९ कोटी मद्यावर अवलंबून आहेत. अशा ३८ व्यक्तींमागे केवळ एकाने कोणताही उपचार मिळाल्याचे सांगितले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत येथे गरज प्रचंड आहे. पण तिचे प्रभावी मागणीत रूपांतर होत नाही. लाज, अज्ञान आणि अंतर हे त्यातील अडथळे आहेत.

सभा म्हणजे काय?

मद्यासक्ती हा आजार आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास कंप, झटके, भ्रम अशी जीवघेणी लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून पहिला टप्पा वैद्यकीय देखरेखीचाच असला पाहिजे. परंतु रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाला तेच मित्र, तोच पगाराचा दिवस आणि तेच दुकान भेटते. खरी कसोटी येथे लागते, आणि स्वमदत गटाचे काम येथूनच सुरू होते.

अशा गटांपैकी सर्वांत परिचित अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस होय. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी तिचा प्रारंभ केला. भारतात १९५७ मध्ये दिल्लीत तिचे कार्य सुरू झाले. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. शुल्क नाही, बाहेरील देणगी स्वीकारली जात नाही. सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून खर्च भागतो. पुण्यातील मुक्तांगण (१९८६) व चेन्नईतील टी. टी. रंगनाथन संस्था (१९८०) यांनी उपचाराला समुपदेशन व पाठपुराव्याची जोड दिली.

ही रचना समजण्यास बचत गटाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. बँकेला न कळणारी कर्जदाराची परिस्थिती शेजारणीला ठाऊक असते. तसेच, डॉक्टरांपासून लपविता येणारी सबब त्याच वाटेने गेलेल्या माणसापासून लपत नाही. शिवाय नवा सदस्य आल्याने जुन्याचा लाभ घटत नाही. नवागताला आधार देताना त्याचा स्वतःचा निश्चय बळावतो. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांचा विचार झाला. सातत्यपूर्ण मद्यमुक्तीच्या बाबतीत बारा पायऱ्यांच्या या पद्धतीशी जोडणारे सुनियोजित उपचार अन्य प्रस्थापित उपचारांइतके किंवा अधिक परिणामकारक आढळले. मात्र यांतील बहुतेक अभ्यास अमेरिकेतील होते, हे विसरू नये.

सभा शोधावी कशी?

अनामिकता हे या गटांचे बळ आहे. पण त्यामुळेच त्यांचा फलक ठळकपणे दिसत नाही. हा ‘शोधखर्च’ कमी करण्याचे मार्ग असे :

• व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ किंवा मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६.
• जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग वा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशक.
• गटाची ‘खुली’ सभा. तेथे कुटुंबीय व अभ्यासकही बसू शकतात. ‘बंद’ सभा केवळ मद्याची समस्या असलेल्यांसाठी असते.
• कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन हे स्वतंत्र गट.

पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नसते; मागे बसून ऐकले तरी चालते. एका गटात मन रमले नाही, तर भाषा व वेळ सोयीची असलेला दुसरा गट पाहावा. या पद्धतीतील आध्यात्मिक परिभाषा सर्वांनाच रुचेल असे नाही. अशांसाठी केंद्रातील समुपदेशकांचे पाठपुरावा गट हा पर्याय आहे.

धोरणाची दिशा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मद्यसेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. नशामुक्त भारत अभियान २०२० मध्ये २७२ जिल्ह्यांत सुरू झाले. तथापि, रुग्णालयातून घरी जाणाऱ्याच्या कागदावर औषधांबरोबर जवळच्या सभेचा वार, वेळ व ठिकाण लिहिले जात नसेल, तर साखळीचा शेवटचा दुवा तुटलेलाच राहतो. स्त्रियांसाठी तो दुवा अधिकच दुर्बळ आहे, कारण दोषारोपाच्या भीतीने त्या सभेच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. या दुरुस्तीला मोठी तरतूद लागत नाही; लागतो तो एक ओळ लिहिण्याचा प्रशासकीय नियम. उद्या प्रशासनात जाणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.