डॅक घेण्याआधी जोडणी तपासा

दुकान वाढवून रात्री रफीसाहेबांना ऐकणे हा आमचा जुना शौक. कॅसेटी गेल्या, गाणी मोबाईलवर आली, पण आवाज खुलेना. म्हणून आम्ही यवतमाळात महागडा डॅक मागवला. डॅक म्हणजे मोबाईलमधील आकडे विद्युतलहरींत बदलून अ‍ॅम्प्लिफायरला देणारा डबा. फरक शून्य!

खोट जोडणीत होती. साधे ब्लूटूथ आवाजाची काटछाट करून पाठवते. सूतच कच्चे, तर माग काय करणार? यूएसबी तार लावली, अ‍ॅपमध्ये 'लॉसलेस' निवडले (अ‍ॅपल म्युझिकवर ही सोय २०२१ पासून आहे), तेव्हा कुठे सारंगी वेगळी ऐकू आली.

सीडीचे माप सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट. ऐकण्यास तेवढे पुरे. १९२ किलोहर्ट्झच्या पाटीला भुलू नये. पुढे मुलाने बोटाएवढा स्वस्त डॅक लावला. डोळे मिटून ऐकले, आम्हांस फरक सांगता आला नाही. ते पैसे स्पीकरवर घालायला हवे होते.