जननदर, स्थलांतर आणि भाषेचे वारस : पनवेलच्या निमित्ताने

जन्मांची संख्या घटू लागलेल्या समाजाने ती तूट बाहेरून येणाऱ्या माणसांनी भरून काढावी काय, हा प्रश्न आज युरोपातील व पूर्व आशियातील अनेक देशांपुढे उभा आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ त्याचा विचार संख्येच्या अंगाने करतात, अर्थशास्त्रज्ञ श्रमशक्तीच्या अंगाने. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने मांडावयाचा आहे. माणसे बाहेरून येऊ शकतात. परंतु आपली भाषा बोलणारी माणसे बहुधा आयती येत नाहीत, ती घडवावी लागतात. हा प्रश्न परक्या देशांचा आहे असे समजून स्वस्थ बसण्याचे दिवस महाराष्ट्रापुरते तरी संपले आहेत, हे पनवेलच्या उदाहरणावरून दाखविता येईल.

प्रथम संख्येचा विचार करू. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती अपत्ये होतात, हे सांगणाऱ्या आकड्यास एकूण जननदर म्हणतात. तो २.१ च्या आसपास असेल तर एका पिढीची जागा दुसरी पिढी पुरेपूर घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, महाराष्ट्राचा जननदर सुमारे २.९ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ वर आला. त्याच फेरीत उत्तर प्रदेशाचा दर २.४ व बिहारचा ३.० आढळला. १.७ हा दर कायम राहिला आणि बाहेरून कोणीही आले नाही, तर आजच्या शंभर माणसांच्या जागी पुढील पिढीत सुमारे ८१ व त्यापुढील पिढीत ६६ माणसे उरतील, असा ढोबळ हिशेब निघतो. मुलींचे शिक्षण, विवाहाचे वाढलेले वय, बालमृत्यूंत झालेली घट, कुटुंबनियोजनाची साधने आणि शहरातील घराचा व शाळेचा खर्च ही यामागील कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांतील बहुतेक इष्टच आहेत. तेव्हा जननदर पुन्हा वर चढेल या आशेवर कोणतेही धोरण उभारता येणार नाही.

असे असूनही पनवेल मात्र वाढत आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेल्या या जुन्या बाजारपेठेची लोकसंख्या २००१ साली एक लाखाच्या थोडी वर होती; २०११ च्या जनगणनेत ती १ लाख ८० हजारांवर गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली, भातशेतीच्या व मिठागरांच्या प्रदेशात नवी मुंबई उभी राहिली. पुढे २०१६ साली नवीन पनवेल, खारघर, कळंबोली, कामोठे या वसाहती व भोवतालची गावे मिळून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. दहा वर्षांत सत्तर टक्क्यांहून अधिक अशी ही वाढ केवळ जन्मांनी होणे शक्य नाही. ती येणाऱ्यांची वाढ आहे. येणारे अर्थात् कोणाची लोकसंख्येची तूट भरण्याच्या हेतूने आले नाहीत. ते रोजगारासाठी व परवडणाऱ्या घरासाठी आले. परंतु मूळच्या कुटुंबांत पाळणे कमी हलू लागले की, हेतू कोणताही असो, पुढच्या पिढीतील येणाऱ्यांच्या मुलांचा वाटा आपोआप वाढतो.

मग स्थलांतर हे घटत्या जननदरावरील औषध आहे, असे म्हणावे काय? संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या विभागाने २००० साली या प्रश्नावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील गणित उद्बोधक आहे. २०५० पर्यंत जर्मनीची नुसती एकूण लोकसंख्या टिकविण्यासाठी सुमारे १ कोटी ७२ लाख माणसे बाहेरून यावी लागतील, असा त्यात हिशेब होता. काम करण्याच्या वयातील लोकांची संख्या टिकवावयाची तर जवळजवळ अडीच कोटी. आणि एका वृद्धामागे काम करणाऱ्या माणसांचे प्रमाण तेवढेच ठेवावयाचे तर सुमारे १८ कोटी, म्हणजे तेथील तेव्हाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक! दक्षिण कोरियाच्या बाबतीत हाच शेवटचा आकडा ५१० कोटींवर गेला. कारण उघड आहे. येणारा तरुणही म्हातारा होतो आणि एकदा स्थिरावल्यावर त्याच्याही घरी अपत्ये कमीच होतात. तात्पर्य, स्थलांतराने संख्येची घसरण सावरता येते, समाजाचे वार्धक्य टाळता येत नाही. अहवालाच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट अर्थातच मोजलेली नव्हती : येणारी ही माणसे परस्परांशी आणि तेथील लोकांशी कोणत्या भाषेत बोलतील?

या प्रश्नाची उपेक्षा केली म्हणजे काय होते, हे जर्मनीनेच अनुभवले आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून तेथून कामगार आणण्यास आरंभ केला. त्या वेळी कारण घटत्या जन्मांचे नव्हते, कारखान्यांत माणसे कमी पडत होती हे होते. या कामगारांना तेथे जो शब्द रूढ झाला त्याचा शब्दशः अर्थ ‘पाहुणा कामगार’ असा आहे. शब्द वरवर सौजन्याचा आहे. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. पाहुणा हा जावयाचा असतो. त्याला कोणी घरातील रीत शिकवीत नाही, आणि तोही ती शिकण्याच्या खटाटोपात पडत नाही. १९७३ साली ही भरती बंद झाली. तथापि पाहुणे गेले नाहीत, त्यांची कुटुंबे आली, मुले तेथे जन्मली. नवागतास भाषा शिकण्याचा कायदेशीर हक्क देणारा देशव्यापी अभ्यासक्रम मात्र २००५ साली सुरू झाला. त्यात साधारणतः सहाशे तासिका भाषेच्या असतात. तुर्कस्तानशी झालेल्या करारापासून या सहाशे तासिकांपर्यंत पोहोचण्यास एका संपन्न राष्ट्राला ४४ वर्षे लागली.

त्या अनुभवाने जर्मनी शहाणा झाला, असे म्हणता येईल. २०२३ साली तेथील जननदर १.३५ इतका खाली होता आणि परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कुशल माणसांची तेथे मोठीच वाण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला आणि येथील दहा हजार कुशल तरुणांना तेथे पाठविण्याची योजना आखली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, जाणाऱ्यास आधी जर्मन शिकविण्याची तरतूद योजनेतच आहे. १९६१ साली माणूस आधी गेला व भाषा मागाहून कधीतरी आली. आता भाषा आधी व माणूस मागाहून. येथे एक विसंगतीही ध्यानात घ्यावयास हवी. ज्या महाराष्ट्राचा स्वतःचा जननदर १.७ आहे, तो दुसऱ्या देशाची तूट भरण्यास आपले तरुण देत आहे आणि स्वतःची तूट इतर प्रांतांतून आलेल्या माणसांनी भरीत आहे. जाणाऱ्याला आपण परकी भाषा शिकवितो; येणाऱ्याला आपली शिकविण्याचा विचार मात्र आपल्या मनात क्वचितच येतो.

येणाऱ्यास आपली भाषा देणे महाराष्ट्रास कधी जमलेच नाही, असे मात्र नाही. त्याचा पुरावा पनवेलमध्येच आहे. येथील बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचे आहे. ते बांधणारा बेने इस्राएल समाज आपले पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून किनाऱ्यास लागले, अशी परंपरा सांगतो. कोकणातील खेड्यांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्म त्यांनी सोडला नाही. भाषा मात्र मराठी झाली. पनवेलकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे कोकणच्या गावांवरून पडली, आणि सॅम्युएलचा ‘सामाजी’, एझकेलचा ‘हसाजी’ झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली आणि जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. कोणताही कायदा नसता हे घडले. घाणेवाल्याचे गिऱ्हाईक मराठी बोलत होते, त्याची शेजारीणही मराठी बोलत होती, आणि व्यवहारात दुसऱ्या कोणत्याही भाषेने भागत नव्हते, हे त्याचे कारण होय.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अनेक देशांतून आलेल्यांना हिब्रू शिकविण्यासाठी त्या राष्ट्राने १९४९ पासून ‘उल्पान’ नावाचे प्रौढांचे भाषावर्ग चालविले. मराठी तेथे लगेच पुसली गेली नाही; ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. परंतु घरात आजी मराठी बोलते, आई दोन्ही भाषा बोलते आणि नातू हिब्रू बोलतो, हा क्रम स्थलांतरितांच्या भाषेच्या बाबतीत जगात सर्वत्र आढळतो, तसा तो तेथेही आढळतो. पनवेलकर हे आडनाव टिकले, पनवेलची भाषा मागे पडत गेली. कोकणात ज्या नियमाने मराठीला माणसे मिळाली, त्याच नियमाने तेथे ती हिब्रूला मिळाली.

हा नियम असा मांडता येईल : समाजाचा जननदर आईच्या कुशीत ठरतो, भाषेचा जननदर आईच्या ओठांवर. आपल्या जनगणनेची व्याख्याही हेच सांगते. तिच्या दृष्टीने मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती भाषा होय. या व्याख्येनुसार २०११ साली महाराष्ट्रातील सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी होती. पनवेलला आलेल्या हिंदी वा मलयाळी भाषक कुटुंबातील मुलगी शाळेत उत्तम मराठी शिकली, तरी तिची नोंद या ६९ टक्क्यांत होणार नाही. पण ती पुढे आपल्या मुलाशी मराठीत बोलली, तर त्या मुलाची होईल. उलटपक्षी, खारघरच्या मराठी घरातील आई आपल्या मुलाशी केवळ इंग्रजीत बोलू लागली, तर त्या घरात मूल जन्मूनही मराठीच्या दृष्टीने जन्म झालेला नसतो. मराठीचे वारस मराठी घरांतच व तेवढेच जन्मणार, हे गृहीत दोन्ही बाजूंनी खोटे आहे.

शाळेपुरते शासनाने एक पाऊल टाकले आहे. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ हा पाठ्यक्रमही तयार केला; तो जर्मनच्या अध्यापकांनी करावा, हा योगायोग नव्हे. परभाषकास भाषा कशी शिकवावी, हे त्यांनी परभाषा शिकवितानाच जाणले होते. तथापि जर्मनीतील सहाशे तासिकांसारखा हक्क येथे येणाऱ्या प्रौढास नाही. आणि याहून मोठी उणीव आपल्या नित्याच्या वागण्यात आहे. पनवेलच्या बाजारात वा रेल्वे स्थानकावर पाहावे. नव्याने आलेला रिक्षावाला वा भाजीवाला मोडक्या मराठीत दोन शब्द बोलतो आणि आपण, त्याचे काम सोपे व्हावे म्हणून किंवा आपला वेळ वाचावा म्हणून, तत्काळ हिंदीवर येतो. भाषा कानांवर पडल्यावाचून व तिच्यावाचून अडल्यावाचून कोणीही ती शिकत नाही, हा भाषाध्ययनाचा प्राथमिक सिद्धांत आहे. शनवार तेल्याला त्याच्या गिऱ्हाइकाने जे दिले, ते आजच्या भाजीवाल्याला आपण नाकारतो. आणि मागाहून तो मराठी शिकत नाही म्हणून त्याच्यावर रागावतो. धाकाने शब्द म्हणवून घेता येतात, परंतु धाकाने शिकलेल्या भाषेत कोणी आपल्या बाळाला निजवीत नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, इतक्या मोठ्या प्रमाणावर व इतक्या वेगाने येणाऱ्यांना सामावून घेणे कोणत्याही भाषेस शक्य नाही. आक्षेपात तथ्य आहे. बेने इस्राएल संख्येने थोडे होते, खेड्यांत विखुरले होते आणि त्यांना काही शतके मिळाली. आज वसाहती एकेका भाषेच्या होऊ शकतात आणि दूरध्वनीवर गावाकडची भाषा रोज कानी पडते. परंतु पनवेलला येणाऱ्यांत सातारा-सांगलीचे, सोलापूरचे व मराठवाड्याचे मराठी भाषकही पुष्कळ आहेत, आणि मूळच्या आगरी व कोळी वस्तीची बोली तर येथलीच आहे. प्रमाण मराठी बोलणारा नागरिक जर ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या आगरी शेजाऱ्यास हसत असेल, तर परप्रांतीयाची मोडकी मराठी तो ऐकून घेईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. सामावून घेण्याची शक्ती केवळ संख्येवर अवलंबून नसते, ऐकून घेण्याच्या सवयीवरही असते.

घटत्या जननदरावर स्थलांतर हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा भाग शिक्षणाचा आहे, आणि त्याचा खर्च येणाऱ्याइतकाच बोलावणाऱ्यानेही सोसावयाचा असतो. पनवेलच्या वसाहतींतून आज जी मुले खेळत आहेत, त्यांच्यातूनच आणखी पंचवीस वर्षांनी येथील माता-पिता होणार आहेत. ते आपल्या पहिल्या अपत्याशी कोणत्या भाषेत बोलतील, हे त्यांच्या आडनावावरून ठरणार नाही. आज त्यांच्याशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, यावरून ते ठरेल.