हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतोय? आधी ती बंद करा!

लग्नसराईत हिंगोली, वसमत, कळमनुरीतल्या फोटो स्टुडिओंमध्ये एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कितीतरी लग्नांचं शूटिंग साठलेलं असतं. अल्बम द्यायचा बाकी, आणि डिस्क लावताच टक... टक... टक. मग वायर काढून पुन्हा लावली जाते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं जातं, मग तिसऱ्या. डेटा जातो तो बहुतेक वेळा याच धडपडीत.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून डेटा वाचणारं 'हेड' तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. (औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेत याहून कितीतरी सूक्ष्म हालचाली मोजल्या जाणार आहेत, पण घरातल्या वस्तूंमध्ये हार्ड डिस्कइतकं नाजूक काम क्वचितच कुठे चालतं.)

काम सुरू असताना येणारी हलकी कुरकुर आणि बंद करताना येणारा एखादा 'टक' नॉर्मल आहे. ठरावीक तालात येणारी टक-टक मात्र वेगळी. हेडला आपली जागा सापडत नाही, ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं, त्याचा तो आवाज. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज सगळ्यात वाईट, कारण हेड तबकडीला टेकलेलं असू शकतं. मग प्रत्येक फेरीला डेटाचा थर खरवडला जातो. तो परत आणणारं कोणतंही सॉफ्टवेअर नाही. बारीक 'बीप' येत असेल तर मोटर फिरू शकत नाहीये. कधी हेड अडकलेलं असतं, तर कधी नुसती वीज कमी पडते. बीपच्या बाबतीत आखूड, चांगली केबल घेऊन थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला एकदा लावून बघायला हरकत नाही. एकदाच.

टक-टक किंवा खरखर असेल तर डिस्क बंद करा आणि बाजूला ठेवा. आवाज थोडा बदललाय, पण फाइल्स दिसतायत? मग आधी कॉपी, तपासणी नंतर. सगळ्यात गरजेचा फोल्डर पहिला. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल, त्याला नाही म्हणा. त्यात आजारी डिस्कला आणखी पळवलं जातं. फॉरमॅट किंवा डीफ्रॅगचं तर नावच नको.

फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजूनही व्हॉट्सअपवर फिरतो. करू नका, आत ओल धरते. खाली लावलेलं सर्किट बोर्ड तसल्याच दुसऱ्या डिस्कचं बसवूनही आता सहसा भागत नाही, कारण त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची माहिती साठवलेली असते. आणि झाकण उघडलं, की धुळीचा एक कणही पुरेसा होतो.

लोडशेडिंगचं काय? वीज गेली की फिरणाऱ्या तबकड्यांच्याच ऊर्जेवर हेड झटकन सुरक्षित जागी जातं, म्हणजे डिस्क लगेच मरत नाही. पण रोज असे झटके बसले तर झीज होते आणि अर्धवट लिहिलेल्या फाइल्स बिघडतात. साध्या घरगुती इन्व्हर्टरला वीज बदलून घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. त्यामुळे कॉम्प्युटरला यूपीएस वेगळा हवा.

डेटा महत्त्वाचाच असेल तर क्लीन रूम असलेली लॅब गाठावी लागते. अशा लॅब सहसा पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या शहरांत असतात. खर्च बऱ्याचदा नव्या डिस्कच्या कितीतरी पट होतो. म्हणून आधीच विचारा: डेटा मिळाला नाही तर पैसे लागतील का? पूर्ण पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइल्सची यादी दाखवणार का? डिस्क कुरिअरने पाठवताना अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, चारही बाजूंनी जाड फोम लावा, आणि खोक्यात ती हलत नाही ना, हे हलवून बघा.