२.३५ कोटींची मर्सिडीज एसएल : आरामात फिरायला की मनापासून चालवायला?

मर्सिडीज-एएमजी एसएल ५५ चे रील्स साधारण दोन प्रकारचे असतात. एकात गाडी जागेवरून सुटते, एक्झॉस्टचा आवाज फाटतो आणि स्क्रीनवर ०-१०० चा आकडा झळकतो. दुसऱ्यात छप्पर उघडं, समुद्राकडेचा रस्ता, ताशी चाळीसचा स्पीड आणि मागे एखादं संथ गाणं. गाडी तीच, रंगही बऱ्याचदा तोच. मग ही गाडी नेमकी कोणासाठी बनवली आहे? ज्याला निवांत फिरायचंय त्याच्यासाठी, की ज्याला प्रत्येक वळणावर स्टीअरिंगशी बोलायचंय त्याच्यासाठी?

भारतात ही गाडी जून २०२३ मध्ये लाँच झाली. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत २ कोटी ३५ लाख. रोड टॅक्स आणि इन्शुरन्स वेगळा. तुमच्या-माझ्या बजेटचा प्रश्नच नाही, हे मान्य. पण फोन घेताना आपण मेगापिक्सेल बघून फसतो ना, तसंच गाडीच्या बाबतीत हॉर्सपॉवर बघून फसायला होतं. आणि ‘कम्फर्ट की स्पोर्ट’ हा प्रश्न दहा लाखांच्या हॅचबॅकलाही लागू होतो. इथे तो फक्त मोठ्या अक्षरांत दिसतो.

आधी आकडे उरकून घेऊ. ४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-८ इंजिन, ४७६ हॉर्सपॉवर, ७०० न्यूटन मीटर टॉर्क, ऑल व्हील ड्राइव्ह. ० ते १०० फक्त ३.९ सेकंदांत, टॉप स्पीड २९५. हे वाचून कोणीही म्हणेल, ही तर स्पोर्ट्स कार! पण या यादीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा आलेलाच नाही. तो म्हणजे वजन. साधारण १९५० किलो.

छप्पर कापलं की काय होतं?

नवीन फोनचा रिकामा बॉक्स घ्या. झाकण लावून दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न करा, सहज पिळत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. बॉक्स लगेच वाकडा होतो. कन्व्हर्टिबल गाडीचं हेच दुखणं आहे. साध्या कारमध्ये छप्पर हे फक्त पाऊस अडवायला नसतं, ते बॉडीला एकत्र धरून ठेवतं. ते काढलं की खड्ड्यातून जाताना बॉडी किंचित पिळली जाते, डॅशबोर्ड थरथरतो, आरसा हलतो. वळणावर तर याहून वाईट होतं. तुम्ही स्टीअरिंग फिरवता, पण बॉडीच थोडी वळत असल्यामुळे सस्पेन्शनला आपलं काम नीट करता येत नाही.

यावर उपाय एकच, खालचा भाग जास्त मजबूत करायचा. एसएलच्या या पिढीसाठी एएमजीने बॉडी कोऱ्या कागदावरून डिझाइन केली. ॲल्युमिनियम, स्टील, मॅग्नेशियम आणि फायबर कंपोझिट यांची मिळून. आधीच्या एसएलपेक्षा पिळ सहन करायची ताकद १८ टक्क्यांनी वाढली, असं कंपनी सांगते. दारं, बॉनेट वगैरे सोडून नुसत्या सांगाड्याचं वजन २७० किलोच्या आसपास आहे. म्हणजे सांगाडा काही जड नाही. वजन वाढतं ते बाकीच्या गोष्टींनी. मोठं इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मागची चाकं वळवणारी मोटर, छपराची मोटर, इलेक्ट्रिक सीट्स. आरामाची प्रत्येक वस्तू स्वतःचे काही किलो घेऊन येते.

आणि वजनाचं एक आहे, त्याला सॉफ्टवेअर अपडेट नाही. गाडीत कम्फर्ट, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस, रेस असे मोड मिळतात. मोड बदलला की थ्रॉटल, गिअर, स्टीअरिंग, डॅम्पर सगळं बदलतं. १९५० चे १५५० मात्र होत नाहीत. सरळ रस्त्यावर हे वजन ४७६ हॉर्सपॉवरमध्ये लपून जातं. ब्रेक मारताना आणि एकापाठोपाठ एक वळणं आली की लपत नाही.

लोखंडी छप्पर गेलं, कापडी आलं

२००१ च्या आणि २०१२ च्या एसएलला दुमडणारं धातूचं छप्पर होतं. बंद केलं की गाडी अगदी कूपेसारखी शांत. दिसायलाही भारी, बटण दाबलं की ट्रान्सफॉर्मर! पण २०२१ मध्ये आलेल्या सध्याच्या पिढीत कंपनी परत कापडी छपराकडे गेली. कारण पुन्हा वजन. कापडी छप्पर २१ किलोंनी हलकं आहे, आणि हे २१ किलो गाडीच्या सगळ्यात वरच्या भागातून कमी झाले. डोक्यावरचं ओझं कमी झालं की माणूस जसा कमी झोकांड्या खातो, तसंच.

मला वाटतं, या गाडीचा स्वभाव ओळखायची ही सगळ्यात चांगली खूण आहे. ज्यांना फक्त आराम विकायचा असता, त्यांनी धातूचं छप्पर सोडलं नसतं. पण लगेच दुसरी बाजूही बघा. तेच कापडी छप्पर तीन थरांचं आहे, आत आवाज अडवणारी जाड चटई आहे, आणि ते १५ सेकंदांत, ताशी ६० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत उघडतं. शिवाय सीटच्या वरच्या भागातून मानेवर गरम हवा सोडणारी ‘एअरस्कार्फ’ नावाची सोय आहे. ही काही रेसरची गरज नाही!

स्क्रीनचा किस्सा तर आपल्या कामाचा आहे. भर उन्हात फोनची स्क्रीन दिसत नाही म्हणून आपण फोन तिरका करतो. छप्पर उघडलं की गाडीतल्या ११.९ इंची टचस्क्रीनची तीच गत होते. म्हणून ती १२ ते ३२ अंशांमध्ये मोटरने पुढे-मागे झुकवता येते.

खरी मेख सस्पेन्शनमध्ये

इथे जरा थांबून वाचा, कारण आराम आणि ड्रायव्हिंग यांचं भांडण नेमकं इथेच आहे.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. हे झुकणं कमी करायला डावं आणि उजवं चाक एका स्टीलच्या दांड्याने जोडलेलं असतं. त्याला अँटी-रोल बार म्हणतात. दांडा जितका कडक, तितकी गाडी वळणात सरळ राहते. ड्रायव्हर खूश. पण समजा फक्त डावं चाक खड्ड्यात गेलं, तर तो दांडा त्याचा धक्का उजव्या बाजूलाही पोचवतो. गाडी डुगडुगते, शेजारी बसलेल्याचं डोकं हलतं. म्हणजे दांडा कडक केला तर आराम जातो, मऊ केला तर वळणाची मजा जाते.

यातून सुटायचा मार्ग एएमजीने शोधलाय. एसएल ६३ या मोठ्या भावात तो दांडाच काढून टाकला आहे. त्याऐवजी चारही डॅम्पर हायड्रॉलिक नळ्यांनी जोडले आहेत आणि पंप व व्हॉल्व्ह गरजेप्रमाणे दाब बदलतात. सरळ रस्त्यावर मऊ, वळणात कडक. एकाच गाडीत दोन्ही स्वभाव.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की भारतात लाँच झाली ती एसएल ५५, आणि तिच्यात ही सिस्टीम नाही. ५५ ला स्टीलच्या स्प्रिंग्ज, नेहमीचे अँटी-रोल बार आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्पर आहेत. डॅम्पर चांगलेच आहेत, दाबताना आणि परत उघडताना वेगवेगळं कंट्रोल करतात. पण दांड्याचं जुनं भांडण तसंच राहतं. त्यात टायर १९ ते २१ इंची रिमवरचे, म्हणजे रबराची उंची कमी. डांबराच्या जोडावरचा ‘टक्’ आवाज आत येणारच.

गिअरबॉक्समध्येही कंपनीने ड्रायव्हरची बाजू घेतली आहे. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलातून ताकद पोचवतो, म्हणून गाडी लोण्यासारखी निघते. एसएलच्या ९ स्पीड गिअरबॉक्समध्ये त्याऐवजी तेलात बुडालेला क्लच आहे. हलका आणि झटपट, पण ट्रॅफिकमध्ये रांगताना टॉर्क कन्व्हर्टरइतका गुळगुळीत नाही. उलट मागची चाकं वळण्याची सोय दोघांनाही फायद्याची. ताशी १०० च्या खाली ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेने जास्तीत जास्त अडीच अंश वळतात, त्यामुळे लांबलचक गाडी यू-टर्नला छोटी वाटते. १०० च्या वर त्याच दिशेने वळतात, म्हणजे लेन बदलताना गाडी स्थिर.

नावातच हलकेपणा होता

एसएल म्हणजे जर्मन भाषेत ‘सुपर-लाइष्ट’, अर्थात अतिशय हलकी. पहिली ३०० एसएल १९५२ मध्ये रेसिंगसाठी बनली आणि त्याच वर्षी ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. अमेरिकेतले गाड्यांचे आयातदार मॅक्स हॉफमन मागे लागले, म्हणून १९५४ मध्ये न्यूयॉर्कला तिची रस्त्यावरची आवृत्ती आली. पंखासारखी वर उघडणारी दारं असलेली ‘गलविंग’ ती हीच. वजन १३०० किलोच्या आसपास.

नंतर मात्र गाडीचं वय वाढलं, ग्राहकांचं वाढलं आणि पोटही वाढलं. १९७१ ची एसएल तर थेट १९८९ पर्यंत विकली गेली, आणि एसएल म्हणजे निवांत, श्रीमंत, उन्हात फिरायची गाडी हे डोक्यात पक्कं बसलं. म्हणूनच सध्याची पिढी बनवायचं काम मर्सिडीजने आफाल्टरबाखच्या एएमजीकडे दिलं, म्हणजे स्वतःच्याच परफॉर्मन्स शाखेकडे. नाव पुन्हा खरं करायचा तो प्रयत्न होता.

तो कितपत जमला? याचं उत्तर कंपनीनेच देऊन टाकलंय, फक्त जाहिरातीत तसं लिहिलं नाही. मार्च २०२५ मध्ये भारतात ‘मायबाख एसएल ६८०’ आली, किंमत ४ कोटी २० लाख. तेच ४ लिटरचं व्ही-८, ताकद एसएल ६३ इतकीच, ५८५ हॉर्सपॉवर. पण मागच्या दोन छोट्या सीट्स काढल्या, एक्झॉस्टचा आवाज बसवला, आवाज अडवणारं मटेरियल वाढवलं, सस्पेन्शन आरामासाठी ट्यून केलं. ०-१०० ला ३.६ ऐवजी ४.१ सेकंद, टॉप स्पीड ३१५ ऐवजी २६०. एएमजी एसएलनेच सगळा आराम दिला असता, तर त्याच बॉडीवर ही वेगळी गाडी काढायची गरज काय होती?

आणि ड्रायव्हिंगवेड्यांसाठी? तिथे पोर्शे ९११ कॅरेरा कॅब्रिओले उभी आहे. साधारण ३०० किलोंनी हलकी, मागच्या चाकांना ताकद, इंजिनही मागे. आकड्यांत एसएलपेक्षा कमी हॉर्सपॉवर, पण वळणात ती ज्या पटकन दिशा बदलते त्याला वजनच जबाबदार. याच्याही टोकाला माझदा एमएक्स-५ आहे. हजार-अकराशे किलो, हाताने ओढून उघडायचं छप्पर, मॅन्युअल गिअर. किंमत एसएलच्या पासंगालाही पुरत नाही. दुर्दैवाने ती भारतात मिळतच नाही.

मग माझं मत? एसएल ५५ ही वेगवान क्रूझर आहे. सकाळी निघून चारशे-पाचशे किलोमीटर चांगल्या रस्त्याने जायचं, थकायचं नाही, मधल्या घाटात मजा करायची, हॉटेलसमोर छप्पर उघडून उतरायचं, यासाठी ती झकास आहे. मागच्या सीट्सवर दीड मीटरपेक्षा उंच माणूस बसवू नका, कंपनीच तसं सांगते. मी तर तिथे बॅगच ठेवीन. पण फक्त चालवायच्या आनंदासाठी कोणी २.३५ कोटी मोजणार असेल, तर तो जास्तीचे कोटभर रुपये आवाजाला आणि लोगोला देतोय. आणि फक्त आराम हवा असेल, तर त्याच पैशात बंद छपराची लक्झरी सेडान जास्त आराम देते, वर ड्रायव्हरही ठेवता येतो.

आपल्याकडचा हिशोब आणखी वेगळा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, म्हणजे चार सेकंदांत तुमची कायदेशीर मजा संपली. मार्च ते मे ऊन, जून ते सप्टेंबर पाऊस, शहरात पुढच्या डंपरचा धूर. छप्पर उघडायचे दिवस म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी. स्पीडब्रेकरसाठी गाडीचं नाक ३० मिलिमीटर वर उचलायची सोय ऑप्शनमध्ये आहे, तेवढी न विसरता घ्यावी लागेल.

कधी कुठल्याही कन्व्हर्टिबलची, अगदी मित्राच्या सनरूफवाल्या गाडीचीही, टेस्ट ड्राइव्ह मिळाली तर एक करा. स्पीड मारू नका. छप्पर उघडा, कम्फर्ट मोड ठेवा, खराब रस्त्यावर ३० च्या स्पीडने चाला आणि आतल्या आरशात मागची नंबर प्लेट वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं थरथरली की समजा, बॉडी पिळतेय.